शेवंताक्का, आईला सांगितलंस ते बरं केलंस

अक्का,

तुला पोचवायला एवढी माणसं आली की गल्लीत रिक्षा शिरेना. निम्म्याहून जास्त तुझ्या पंगतीला बसून मोठी झालेली. दुपारचे दोन वाजत आले तसे त्यांतले काही जण हळूच घड्याळाकडे बघायला लागले, आणि मला हसू आलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, आधी ह्यांना वाढा, मग मला उचला. मी पदर तोंडाला लावला. तुझ्या लेकाला, माणिकला, वाटलं मी रडतेय. त्यानं खांद्यावर हात ठेवला आणि मग मात्र मला खरंच रडू आलं.

आता सोळा दिवस झाले. तुझ्याबद्दल चार शब्द लिहून दे, असं माणिक म्हणाला. जन्म कमठाण्याचा, गुलबर्ग्यात खानावळ कधी काढली, किती पोरी हाताखालून गेल्या, असलं काहीतरी त्याला छापायचंय. मी कागद घेऊन बसले आणि पहिलाच शब्द 'अक्का' असा लिहिला गेला. पुढं मग तुझ्याशीच बोलत गेले. माणिकला दुसरा कागद देईन.

मी कॉलेजसाठी तुझ्याकडं राहायला आले तेव्हा अठरा वर्षांची होते. आईनं आळंदहून पत्र्याची ट्रंक, तुरीच्या डाळीची पिशवी आणि मी, असं सगळं एकदमच तुझ्या दारात आणून ठेवलं. तू परातीत कणीक मळत होतीस. आई तुझ्याजवळ सरकली आणि चोरी कबूल करावी तशा आवाजात म्हणाली, "पोरीला साखर आहे."

तू मान वर न करता म्हणालीस, "बरं झालं की. आमची कालच संपलीया."

आई हसली नाही. मी हसले. अकराव्या वर्षी हा आजार लागल्यापासून त्याच्यावर हसता येतं हे मला माहीत नव्हतं. मग आईनं सगळं समजावून सांगितलं. हिच्या शरीरात इन्शुलिन तयारच होत नाही, रोज सुई घ्यावी लागते, जन्मभर घ्यावी लागणार, लग्नाची पोरगी आहे तर कुणाला कळू देऊ नका. तू एवढंच विचारलंस की औषध ठेवायचं कुठं. फ्रीज तर तुझ्याकडं नव्हता. तू एक मडकं ओल्या वाळूत बसवलंस, त्यात माझ्या बाटल्या ठेवल्यास आणि वरच्या खोल्यांतल्या पोरींना बजावलंस की ते आमच्या कुलदैवताचं मडकं आहे, कुणी हात लावायचा नाही. उदगीरची एक पोरगी वर्षभर त्या मडक्याला नमस्कार करून परीक्षेला जायची. पास पण झाली.

घरची गोष्ट मी तुला तुकड्यातुकड्यानंच सांगितली. आईचा माझ्यावर जीव होता, म्हणूनच तिनं माझ्यावर पहारा ठेवला. सणाला सगळ्यांची पंगत सोप्यात बसायची आणि माझं ताट स्वयंपाकघरात, दार लोटून. पंचमीला शेजारून लाडू आले की ते कपाटात जायचे आणि किल्ली आईच्या कमरेला. मी खेळून आले की ती माझ्या तोंडाचा वास घ्यायची. लघवी तपासायची बाटली असायची, निळ्या औषधात थेंब टाकून तापवायची. निळंच राहिलं तर आई देवाला हात जोडायची, विटकरी झालं तर दिवसभर कुणी माझ्याशी धड बोलायचं नाही. माझ्या लेखी अन्न दोनच प्रकारचं होतं, दिलेलं आणि चोरलेलं. दिलेल्यानं पोट भरायचं नाही. चोरलेलं इतक्या घाईत गिळायची की ते गोड होतं की तिखट तेही कळायचं नाही.

त्यात गुलबर्ग्याला आले तर गल्लीत नुकती केबल आलेली. वरच्या खोलीत भिंतभर बारीक कमरेच्या बायांची चित्रं. रविवारी पोरी स्टेशनवर जायच्या ते गाडीसाठी न्हवे, फलाटावरच्या दिवे लागणाऱ्या वजनकाट्यासाठी. त्यातून पुठ्ठ्याचं तिकीट पडायचं, मागं भविष्य छापलेलं. बाकीच्या भविष्य वाचायच्या. मी आकडाच बघायची आणि दिवसभर त्याच्याशी भांडायची. मग उपास. मग उपासाच्या दुसऱ्या टोकाला, दुपारी खानावळ बंद झाली की, तुझ्या कोठीत शिरून हाताला लागेल ते.

तुझ्या डब्यातला गूळ कमी व्हायला लागला. तू घुशीवर संशय घेतलास. दारूच्या दुकानाच्या मागं मोठमोठ्या घुशी हायेत, तिथनंच यायल्यात, असं तू सगळ्या गल्लीला सांगितलंस आणि बाजारातून लोखंडी चाप आणलास. दुपारी तीन वाजता त्या चापात माझी दोन बोटं सापडली.

तू पळत आलीस. चाप उचललास, बोटं पाण्यात बुडवलीस, हळद लावून चिंधी बांधलीस. माझ्या ओठाला गूळ तसाच. मग माझ्याकडं वरून खालपर्यंत बघून म्हणालीस, "पंजाबी ड्रेस घातलेली घूस म्या पहिल्यांदाच बघायलेय."

मला वाटलं आता आईला पत्र जाणार. तू ते केलं नाहीस, त्या वेळी तरी. तू गुळाचा डबा कोठीतून काढून पुढच्या खोलीत, सगळ्यांच्या नजरेसमोर ठेवलास आणि सांगितलंस, खायचं असेल तर बसून खा, पाट घेऊन. मी एकदाही त्या पाटावर बसले नाही. त्याऐवजी मी दुसरी वाट धरली. ती मी कुणाला सांगत नाही, पण तुला ती ठाऊकच होती. मी सुया चुकवायला लागले. अंग उतरायला लागलं. पोरी म्हणायच्या, नंदा, काय करतेस गं, आम्हाला पण सांग. मला आतून हाडं कढत असल्यासारखं व्हायचं, तहान भागायची नाही, जिना चढताना डोळ्यांपुढं अंधारी यायची, आणि तरी मी खूश होते. वेडेपणा कसा असतो ते बाहेरून दिसतं, आतून तो फार शहाणा वाटतो.

तू मात्र वापरलेल्या सुयांचा डालड्याचा डबा बघत होतीस. तो भरत नव्हता. हे मला नंतर कळलं.

एका सकाळी वर्गातून परत आले ती उंबऱ्यातच पडले. उलट्या, जोरजोरात श्वास. तू तोंडाजवळ नाक आणलंस तर पिकल्या फळासारखा वास आला म्हणे. तू रिक्षावाल्याला दखनीत हाकललंस, दवाखान्यात नर्सशी कानडीत भांडलीस आणि मला मराठीत शिव्या दिल्यास. एवढं मला अर्धवट आठवतं, की माझ्या डोक्यावरून तीन भाषा पाण्यासारख्या वाहत होत्या आणि तिन्ही तुझ्याच होत्या. डॉक्टर म्हणाले, अजून दोन तास उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

मी खाटेवर होते तेव्हा, तिसऱ्या दिवशी, तू आळंदची एसटी धरलीस आणि माझ्या आईला सगळं सांगितलंस. गूळ सांगितलास, वजनकाटा सांगितलास, चुकवलेल्या सुया सांगितल्यास. आई दवाखान्यात आली ती रडतच. मला कळलं की आता झाकायला काही शिल्लक नाही. तू संध्याकाळी डबा घेऊन आलीस तेव्हा मी तोंड भिंतीकडं केलं. तोवर मी तुला तुम्ही म्हणायची. त्या दिवशी म्हणाले, "तू कोण लागतेस माझी?"

तू डबा उघडत होतीस. म्हणालीस, "आता तू म्हनलीस न्हवं? मग लागतेच की कोणतरी. भात खा."

त्यानंतर तीन आठवडे मी तुझ्याशी बोलले नाही. जेवायला पंगतीला बसायची, पण मुकी. त्यानं तुझं काहीच अडलं नाही. तू मला प्रश्न विचारायचीस आणि माझी उत्तरंही तूच द्यायचीस, माझ्या आवाजात, नाक वर करून. बाकीच्या पोरींची हसून मुरकुंडी वळायची. मला पण हसू यायचं आणि ते दाबण्यात माझी निम्मी ताकद जायची.

आईनं ठरवलं की हे काहीतरी बाहेरचं आहे, गाणगापूरला न्यायला पाहिजे. मला वाटलं तू अडवशील. तू म्हणालीस, जाऊ की, दत्ताचं दर्शन चांगलंच असतं, फक्त सुई बरोबर घेऊ आणि येताना डॉक्टरकडं पण जाऊ, देव काय त्याला न्हाई म्हणायचा न्हाई. आणि पिशवीत माझी बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून तू आमच्या आधी एसटीत जाऊन बसलीस.

तिथं दुपारी मधुकरी मागायची रीत. आईनं नवस बोललेला, की मी पाच घरी मागून खाईन. मी पंचा पसरून पहिल्या दारात उभी राहिले आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. अक्का, मी त्या वेळेपर्यंत कधी कुणाला खायला मागितलंच नव्हतं गं. दार उघडणाऱ्या बाई थांबून राहिल्या. मागं आई थांबली होती, तू थांबली होतीस. मग मी कशीबशी "भवति भिक्षां देहि" म्हणाले, भर उन्हात, चार लोकांच्या देखत. त्या बाईंनी भाकरी घातली, वर पिठलं. पाचव्या घरी कुणीतरी शिऱ्याचा गोळा घातला.

आपण धर्मशाळेच्या कट्ट्यावर बसलो. आईचा हात सवयीनं माझ्या पुढ्यातल्या शिऱ्याकडं गेला, काढून घ्यायला. तू तिचं मनगट धरलंस. जोरात न्हाई, नुसतं धरलंस. "माय, प्रसाद हाय त्यो. काढू नगा." आईनं तुझ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. हात मागं घेतला. मी तीन आठवड्यांनी पहिल्यांदा तुझ्याशी बोलले. म्हणाले, "अक्का, सुई दे." तू दिलीस. मी तिथंच, आडोसा न शोधता घेतली, आणि जेवले. शिरा वेलदोड्याचा होता. मला चव कळली.

तिथं सगळं सुटलं असं झालं असतं तर गोष्ट छान झाली असती. तसं झालं नाही, आणि तुला त्याचं काही नवल वाटलं नाही. गुलबर्ग्याच्या दवाखान्यातल्या त्या भांडखोर नर्सनंच तुला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पोरीचं नुसतं साखरेचं दुखणं न्हाई, मनाचं पण आहे, सोलापूरला एक डॉक्टर आहेत. तू मला पॅसेंजरनं तिकडं नेलंस. तो दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, खाली पाटी लहान अक्षरांत, म्हणजे येणाऱ्याला लाज वाटू नये म्हणून. तू पाटी मोठ्यानं वाचायला लावलीस मला.

ते डॉक्टर भले होते. त्यांनी सांगितलं की खाण्याचं हे असं भांडण म्हणजे आजारच असतो, त्यात पोरीचा दोष नसतो आणि त्यावर इलाज असतो. हे कुणीतरी सरळ तोंडानं म्हणालं तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या ढसाढसा रडले. पण त्यांनी हेही मान्य केलं की इन्शुलिन त्यांचा विषय नाही, ते साखरेच्या डॉक्टरांना विचारा. आपण परत गुलबर्ग्याला. साखरेचे डॉक्टर म्हणाले, सुई मी लिहून देतो, पण ती घ्यावी असं तिला वाटत नसेल तर ते मनाचं, ते त्या डॉक्टरांना विचारा. आणि पथ्याचा तोच छापील कागद हातात दिला, त्यात वीस गोष्टी बंद. असे आपण दोन हेलपाटे घातले. तिसऱ्या वेळी तू गुलबर्ग्याच्या दवाखान्यात बाकावर मांडी घातलीस, डबा उघडलास आणि डॉक्टरांना सांगितलंस, "तुमी दोघं एकमेकांशी बोलल्याबिगर म्या हितून उठत न्हाई. जेवण आणलंय संगं."

त्यांनी आधी तुझ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं. मग फोन उचलला. अर्धा तास बोलत होते. आपल्याला एकाच बाजूचं ऐकू येत होतं, त्यात बराच वेळ ते नुसतं हं, हं म्हणत होते. फोन ठेवल्यावर त्यांनी तो छापील कागद माझ्याकडून मागून घेतला आणि त्यावर आडवी रेघ मारली. म्हणाले, बंद काहीच नाही. वेळेवर, सगळ्यांबरोबर बसून खायचं, जे खाल त्याप्रमाणे सुई कशी जुळवायची ते मी शिकवतो, आणि सुई घेताना या अक्का समोर असतील. सोलापूरला दर पंधरा दिवसांनी जायचं. ते मला लिहितील, मी त्यांना लिहीन.

तू जिना उतरताना म्हणालीस की हे आधीच केलं असतं तर माझा घुशीचा चाप तरी वाचला असता.

दोन वर्षं आपण त्या गाडीनं गेलो. किती वेळा मी परत घसरले ते तुला माहीत आहे. दर वेळी मला वाटायचं आता तू कंटाळशील. तू खिडकीची जागा धरायचीस, तळलेल्या शेंगदाण्याची पुडी काढायचीस आणि डब्यातल्या लोकांना तुझ्या मालकांची गोष्ट सांगायचीस, ते पुण्याला बांधकामावर गेले ते तिकडचेच होऊन कसे बसले. ती गोष्ट दर खेपेला वेगळी असायची. एका खेपेला तर तू त्यांना दुबईला पोचवलंस. माणिक पुण्याला मोटारीच्या कारखान्यात लागला तेव्हा त्यानं विचारलं, पहिल्या पगारात तुला काय आणू? तू साडी न सांगता बोटातून रक्त काढून साखर सांगणारं मशीन सांगितलंस. आपल्या गल्लीत तसं मशीन कुणी पाहिलं नव्हतं. ते आल्यावर तू आधी स्वतःची तपासलीस, मग माणिकची, मग दूधवाल्याची. माझी पाळी येईपर्यंत पट्ट्या अर्ध्या संपल्या होत्या.

मग माझं बी.एड. झालं, आळंदच्या शाळेत नोकरी लागली, उमरग्याहून स्थळ आलं. तिथं आपलं पुन्हा भांडण. तू म्हणालीस, पोराला सगळं सांग, साखर पण आणि दुसरं पण. आई म्हणाली काहीच सांगू नको. मी मधलं धरलं, साखर सांगितली, दुसरं नाही. सतीश साखरेला हो म्हणाले. दुसरं मी त्यांना लग्नानंतर वर्षानं सांगितलं, भीत भीत. ते म्हणाले, "म्हणजे माझ्यासमोर जेवताना तुला वर्षभर जड जात होतं?" तोवर कुणीच मला ते विचारलं नव्हतं. तुला हे सांगितलं तर तू 'म्या म्हनलं न्हवतं?' असं म्हणालीस आणि पुढची आठ वर्षं म्हणत राहिलीस.

नंतर तुलाच साखर निघाली. केवढी हसलीस तू. म्हणालीस, पोरीच्या संगतीनं लागली. मी दर रविवारी आळंदहून यायची, मशीन घेऊन. आणि अक्का, मला कळलंच नाही मी कधी बदलले ते. मी तुझे डबे हुंगायला लागले. तुझ्या गोळ्यांची पाकिटं मोजायला लागले. महिन्यापूर्वी तुझ्या उशाखाली पेढ्यांचा पुडा सापडला, तेव्हा मी तुला, माझ्याहून तीस वर्षांनी मोठ्या बाईला, पंगतीतल्या पोरींसमोर बोलले. तू हातातली पळी खाली ठेवलीस. हसत न्हाई, रागानं पण न्हाई, नुसतं म्हणालीस, "तुझ्या आईगत बोलायलीस, नंदा."

मी चहा न घेता उठले. आठ दिवस फोन केला नाही. नवव्या दिवशी माणिकचा आला. दुपारची पंगत उठली, तू भिंतीला टेकून बसलीस, पोरीनं पाणी आणलं तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय.

तू बरोबर होतीस, हे मला तुला सांगायचं होतं. आणि पेढे उशाखाली ठेवणं चूक होतं, हेही सांगायचं होतं. पाटावर बसून खाल्ले असतेस तर मी काही बोलले नसते. हे भांडण मी सोडलेलं नाही, अक्का. फक्त आता तुझी बाजू पण मलाच मांडावी लागते, तुझ्या आवाजात.

आता जे सांगायचंय ते सांगते. तू गेल्यावर पाचव्या दिवशी मी शाळेत, सामानाच्या खोलीत, कुणाच्यातरी वाढदिवसाचा मिठाईचा डबा एकटीनं संपवला. उभ्यानं. आणि दुपारची सुई घेतली नाही. इतक्या वर्षांनी. घंटा झाली तेव्हा मी तिथंच खडूच्या खोक्यांमध्ये बसून होते आणि मला फार भीती वाटली, कारण आत ते जुनं शहाणपण पुन्हा गोड बोलायला लागलं होतं. पण त्याचा आवाज मला आता ओळखू येतो. मी घरी गेले, सुई घेतली आणि सतीशना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरला फोन लावला.

डॉक्टर आता थकलेत, फक्त सकाळी बसतात. त्यांनी नाव ओळखलं. विचारलं, "बरोबर त्या बाई येतील ना, डबा घेऊन?" मी म्हणाले, त्या गेल्या. त्यांनी वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, उद्या या.

सतीशची परीक्षेची ड्यूटी होती. मी एकटीच निघणार होते. बाबा गेल्यापासून आई आमच्याकडंच असते. तिनं फोन ऐकला असणार. सकाळी मी चपला घालत होते तर ती इरकली लुगडं नेसून, पिशवी घेऊन दारात उभी. त्या दवाखान्याची पायरी ती कधी चढली नव्हती. वेड्यांचा दवाखाना म्हणायची. गुडघे दुखतात तरी दोन जिने चढली. डॉक्टरांनी विचारलं, आपण कोण. आई म्हणाली, "मी हिची आई. मला काय करायचं ते सांगा."

ते म्हणाले, पहारा ठेवायचा नाही, शेजारी बसून जेवायचं. आईला वाटलं आणखी काही सांगतील. तिनं विचारलं, एवढंच? ते म्हणाले, एवढंच, पण रोज. माझ्याशी ते तासभर बोलले, आणि तू बाकावर मांडी घालून करून घेतलंस ते आता मलाच करायचं होतं. मी त्यांना म्हणाले, माझ्या साखरेच्या डॉक्टरांशी बोला, माझ्यासमोर. ते हसले आणि त्यांनी फोन उचलला.

परतीच्या एसटीत आई बोलायला लागली. तू आळंदला आलीस त्या दिवसाचं. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. तू दारात उभी राहून सगळं सांगितलंस तेव्हा आईनं तुला हाकललं म्हणे. माझ्या पोरीवर आळ घेते, चालती हो, असं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तू गेली नाहीस. उंबऱ्यावर बसलीस. तिथं सुपात तूर निवडायची पडली होती, ती ओढून घेतलीस आणि निवडत बसलीस. आई आत-बाहेर करत राहिली. दोन तास. तूर संपली तेव्हा आई तुझ्याजवळ येऊन बसली. तेव्हा तू म्हणालीस, "पोरगी तुमचीच हाय. म्या फकस्त जेवायला घालते. तुमी पण घाला."

"कामून गं हे मला आजवर सांगितलं न्हाईस?" मी आईला विचारलं. ती म्हणाली, मी तिला वाईट बोलले होते, आणि तिनं सगळी तूर खडे काढून निवडून दिली होती, एकही खडा राहिला न्हवता, मला लाज वाटायची. आणि मग तिला तुझं ते पहिल्या दिवसाचं बोलणं आठवलं, साखर संपल्याचं. सोळा-सतरा वर्षांनी ती त्याच्यावर हसली. इतकी हसली की कंडक्टर मागं वळून बघायला लागला.

अक्कलकोटला गाडी थांबली. बारा वाजून गेले होते. मी सुई घेतली, सीटवरच. आईनं मांडीवर डबा उघडला. दोघींच्या भाकऱ्या एकातच आणल्या होत्या, मधे शेंगाची चटणी. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, भूक लागली का?

मी म्हणाले, व्हय, लई लागली.